भिंतीकडची खुर्ची

आमच्या क्लबातले चार जण आजही कुठे भेटले, की पहिल्या चहाला तब्येतीची चौकशी होते आणि दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, "ए, ते कुलपांचं सांग ना!" मग त्यातून दुसरा किस्सा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि घरी बायका जेवायच्या थांबलेल्या असतात. मी यातलं काही वाढवून सांगत नाही. सोनवणे भाऊ वाढवून सांगतात, ते वेगळं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. जळगावात आमच्या ऑफिसचा क्लब होता. क्लब म्हणजे एक हॉल, एक मोठं टेबल, आठ खुर्च्या. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळायची रीत. त्या दिवशी घरचेही रागवत नाहीत. मुंबईहून बदलून आलेल्या देशपांडे साहेबांनी आम्हाला पोकर शिकवला आणि दर आखाजीला दुपारची टुर्नामेंट सुरू झाली. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. बुकिंग फी पाच रुपये, त्यात चहा-भजी, आणि जिंकेल त्याला प्रेशर कुकर. बुकिंग सेक्रेटरी मी. कारण मी एकटाच बिनलग्नाचा, म्हणजे सगळ्यांच्या हिशेबाने रिकामा!

साहेबांनी पहिल्या दिवशी समजावलं, "आपल्या तीन पत्तीसारखंच आहे. फक्त पत्ते पाच."

नाना भंगाळे लगेच म्हणाले, "दोन जास्त कायले?"

हे नाना म्हणजे आमचे रिटायर झालेले हेडक्लार्क. मूळ फैजपूरचे, घरी केळीचा मळा. जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवायलाच जन्माला आलाय, असं मनापासून मानणारे. आणि माझं सगळं नशीब नेमकं त्यांच्याच हातात होतं! त्यांच्या मुलीला, लताला, माझ्या वडिलांनी मागणी घातली होती. पत्रिका जुळली, बैठक झाली, आणि त्यानंतर दर आखाजीला नाना नुसतं "पाहू" म्हणत होते. मला लता फार आवडली होती, आता सांगायला काय लाजायचं? कुणीतरी नानांना विचारलं, पोरात खोट काय? तर म्हणाले, "सरकारी नोकरी, बिडी नाही, दारू नाही, कोनाशी भांडन नाही. एवढा चांगला मानूस असतो का कुठी? काहीतरी गडबड हाये!"

* * *

पहिल्या वर्षी जागांचं रिझर्वेशन नव्हतं. खेळ तीनचा. मी अडीचला हॉल उघडायला गेलो, तर मागच्या दाराने येऊन सातही जण बसलेले. पण कसे? टेबल मधे, आणि सगळ्या खुर्च्या एका बाजूला, भिंतीला पाठ लावून, ओळीने, पंगतीला बसल्यासारखे! कारण भिंतीला पाठ असली की मागून कुणी पत्ते बघू शकत नाही. समोरच्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून बसायला एकही माणूस तयार नाही.

साहेब म्हणाले, "अहो, मग पत्ते वाटायचे कुणाला?"

"वाटा ना. आम्ही कुठी जात नाही," नाना म्हणाले.

* * *

म्हणून दुसऱ्या वर्षी बुकिंगबरोबर खुर्चीचा नंबर द्यायला लागलो. नानांनी पाच रुपये दिले आणि पावती मागितली. दिली. "खुर्ची नंबर लिही." लिहिला. "खुर्चीचं तोंड कोन्या दिशाले, ते बी लिही." तेही लिहिलं. मग चष्मा लावून त्यांनी ती पावती तीनदा वाचली आणि म्हणाले, "एवढं सगळं मुकाट्यानं लिही देलं? काहीतरी गडबड हाये."

त्या दिवशी लता मला आणखी सहा महिने लांब गेली, असं वाटलं.

* * *

आता ते कुलपांचं. नंबर पडले तरी आदल्या दिवशी लोक येऊन, एस्टीत टाकतात तसे खुर्च्यांवर रुमाल टाकून जायला लागले. रुमालांची अदलाबदल व्हायला लागली. वैतागून मी हॉलचं मागचं दार आतून लावून घेतलं आणि पुढच्या दाराला कुलूप लावलं. संध्याकाळी बघतो, तर माझ्या कुलपाच्या शेजारी नानांचं कुलूप. "तुह्याजवय किल्ली हाये ना? मंग?" ते बघून बाकीच्यांनाही सुचलं. सकाळपर्यंत कडीला साखळी आणि साखळीला आठ कुलपं!

तीन वाजता सात कुलपं उघडली. आठवं धुळ्याच्या सोनवणे भाऊंचं. भाऊ तिकडे शाळामास्तर, दर आखाजीला एस्टीने खास खेळायला येणारे. आदल्या दिवशी येऊन कुलूप लावून परत गेलेले! त्यांची गाडी पारोळ्याला पंक्चर. साडेपाचला घामाघूम होऊन आले, खिसे चाचपले आणि कपाळावर हात मारला, "किल्ली ते घरच ऱ्हायनी!"

शेवटी दगडाने कुलूप तोडलं. दोन घावांत तुटलं. नाना कितीतरी वेळ ते तुटकं कुलूप हातात घेऊन बघत होते. "इतक्या लवकर कसं तुटलं? आधीच तोडेल व्हतं!"

* * *

चिंचोक्यांचं तर विचारूच नका. वाटले चारशे, खेळ संपल्यावर मोजले तर सातशेच्या वर! खानदेशात कुणाच्या घरी चिंचोके नसतात? पुढच्या वर्षी साहेबांनी शक्कल लढवली. धुळ्याच्या बाजारातून शर्टाच्या पांढऱ्या गुंड्या मागवल्या. खेळ रंगात आला आणि माझ्या लक्षात आलं, की तीन सभासद एका हाताने पत्ते धरून आहेत आणि दुसऱ्या हाताने शर्टाचा गळा.

"बठ्ठा शहाना शेतस आठे!" म्हणजे इथे सगळेच शहाणे, असं अहिराणीत ओरडले ते सोनवणे भाऊ. त्यांच्याच शर्टाला एकही गुंडी नव्हती!

* * *

आणि त्याच्या पुढच्या वर्षी फायनलला उरले दोघे. नाना आणि मी.

जिंकलो तर नाना दुखावणार. मुद्दाम हरलो तर त्यांना कळणारच, आणि मग "गडबड हाये" हे कायमचं शिक्कामोर्तब! साहेबांनी खुर्च्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. नानांनी दोन्ही उघडून तपासल्या, पुन्हा घड्या घालायला लावल्या, आणि स्वतःच्या हाताने उचलली. आली खिडकीची खुर्ची. भिंत मला.

नाना माझ्याकडे असे बघत बसले, की मला न केलेला गुन्हा कबूल करावासा वाटला. खिडकी लावा म्हणाले. आखाजीचं ऊन, जळगाव, आणि खिडकी लावा! सगळ्यांनी नाही म्हटलं. तेवढ्यात लता आली, चहाचा थर्मास घेऊन. क्लबाच्या चहात कोण काय घालेल याचा भरवसा नाही म्हणून नानांचा चहा घरून यायचा.

"लता," नाना म्हणाले, "इथी खिडकीजवय उभी राय. माह्या मांगे कोनालेच येऊ देऊ नको." आणि पहिल्यांदाच निवांत टेकून बसले. घरचं माणूस मागे होतं ना!

शेवटचा डाव. माझ्याकडे दश्शांची जोडी. नानांनी आपल्या सगळ्या गुंड्या पुढे लोटल्या. चेहरा एकदम शांत. मी वर बघितलं, तर लताही माझ्याकडेच बघत होती. तिने पाठीवरची वेणी उचलली आणि सावकाश पुढे घेतली.

याचा अर्थ काय? घे, की टाक? की उकडतंय नुसतं? आम्ही तोवर एकमेकांशी चार शब्द बोललो नव्हतो! शिवाय मुलगी कुणाची? नानांची! बापाने शिकवून तर उभी केली नसेल? इतक्या वर्षांत त्या माणसाचा संशय मलाही चिकटला होता. पुन्हा बघितलं. तिने वेणी मागे टाकली, आणि परत पुढे घेतली. या वेळी जरा चिडून.

मी सगळ्या गुंड्या लोटल्या.

नानांच्या पत्त्यांत साधी जोडीसुद्धा नव्हती. त्यांनी कॅट गोळा केला, बावन्न पाने मोजली, मग सावकाश मागे वळून बघितलं. लता थर्मासचं झाकण पुसत होती. नाना चहा न घेताच उठून गेले.

आठ दिवस काही निरोप नाही. घरातला तो कुकर मी कपाटामागे ढकलून दिला. जिंकलो कशाला, असं झालं.

नवव्या दिवशी नाना ऑफिसात आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. माझ्या टेबलावर लग्नाच्या तिथींचा कागद ठेवला आणि म्हणाले,

"पोरगी देतो. पन एक अट हाये. पुढच्या आखाजीले ती तुह्या मांगे उभी राहीन, अन् समोर मी बसीन!"