दार वाजवायला बाईमाणूस

शेठनी कीबोर्ड उचलून भिंतीवर आपटला. त्याची बटणं उडून माझ्या अंगावर आली.

अंबरनाथच्या त्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. इंटरनेटवर तक्रारी लिहायचं तेव्हा नवीनच सुरू झालं होतं. बदलापूरच्या एकाने फोटोंसकट लिहिलं होतं की नवी म्हणून दिलेली गाडी पुरात बुडालेली होती, सीटखाली गाळ निघाला. तो नदीकाठच्या मांजर्लीत राहणारा, तिथे पुराचं पाणी घराघरात शिरलेलं. पुराचा गाळ त्याला कोणी ओळखून द्यायला नको होता.

मी म्हटलं, "शेठ, तिथेच खाली माफी लिहू आणि गाडी बदलून देऊ. लोक वाचतायत."

"माफी? आधी ते काढायला लाव त्याला!"

दुपारी मात्र त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तूच जा. माफी माग. वर्कशॉपचे दोघे येतील सोबत, गाडी बघून घेतील." मला बरं वाटलं. ऐकलं म्हणायचं माझं.

मांजर्लीत दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते दोघे भिंतीला चिकटून उभे राहिले. "मॅडम, तुम बजाओ."

मी बेल दाबली. "दादा, शोरूममधून आलेय. गाडीचं बोलायचंय."

आतून साखळी निघाली. दार पुरतं उघडायच्या आत मला ढकलून दोघे घुसले. एकाने त्याची मान धरून कपाळ चौकटीवर आपटलं. दुसऱ्याने शर्टाखालून जॅकचा दांडा काढला.

"डिलीट कर! अभी के अभी!"

"घरी कॉम्प्युटर नाहीये हो," तो म्हणत होता. "सायबर कॅफेतून लिहिलं." प्रत्येक वेळी तोंडातून रक्त यायचं, आणि प्रत्येक वेळी तो तेच सांगायचा. पोटात लाथा बसत होत्या.

त्याची आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दांडेवाल्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने हात हिसडला, दांडा तिच्या डोक्यावर उगारला. मी मधे हात घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

माझ्या किंकाळीने सगळा मजला बाहेर आला. एक पळाला. दुसऱ्याला लोकांनी जिन्यात गाठलं आणि इतकं तुडवलं की शेवटी तीच म्हातारी ओरडली, "बास करा रे, मरंल तो!"

पोलिसांना मी शेठचं नाव सांगितलं. संध्याकाळी शेठचा फोन आला. "जबाब फिरव, नोकरी ठेवतो." मी फोन कट केला.

प्लास्टर घातल्यावर आमच्या कात्रपच्या सायबर कॅफेत बसून मी डाव्या हाताने त्या तक्रारीखाली लिहिलं: गाडी पुरातलीच होती. मी तिथे कामाला होते. तक्रार काढून टाकावी म्हणून गिऱ्हाइकाला घरात घुसून मारलं, माझ्यादेखत. एवढ्या चार ओळींना अख्खी दुपार गेली. मग खाली इतरांनीही लिहायला सुरुवात केली. शेठना गाडी परत घ्यावी लागली. मारहाणीची केस मात्र रेंगाळली.

पहिल्या तारखेला मांजर्लीचा तो कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. पुढचे दोन दात नव्हते. मी बोलायला गेले, तर तोच म्हणाला, "बाईचा आवाज होता, म्हणून साखळी काढली." त्यात राग नव्हता.

त्याची आई बाकावर जरा सरकली. "बस गं," म्हणाली. "हात कसा हाय आता?"