एक्केचाळीस नंबरचा खण

वर्लीन बोलिकच्या गुडघ्यावर टेबल पडलं तो मंगळवार होता, आणि पडलं तेव्हा ती फोनवर दुसऱ्या एका बाईला तेच टेबल किती मजबूत आहे ते सांगत होती.

"स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघा, बाई," इतकं तिच्या तोंडून निघेपर्यंत डावीकडची फळी सुटली, कॉम्प्युटर घसरला, तो तिनं पोटानं अडवला आणि कॉफी सगळी गालिच्यावर गेली. कॅन्ससची ती बाई विचारत होती, "अहो, कसला आवाज झाला?" आता काय सांगणार? कंपनीनं बोलायला दिलेल्या कागदावर याचं उत्तर नव्हतं.

पलीकडच्या खोलीतून तिचा नवरा गार्लंड ओरडला, "आहेस की गेलीस?"

"आहे! गेले असते तर या लोकांनी थडग्यावरही हाच भुसा रचला असता!"

भुसाच तो. भुसा डिंकात कालवून दाबायचा, वर लाकडाच्या चित्राचा कागद चिकटवायचा आणि टेबल म्हणून विकायचं. ज्या बाईनं सव्वीस वर्षं सच्च्या लाकडाचे खण बसवले, तिनं आता हेडफोन लावून या भुशाची तरफदारी करायची. दिवसातून चाळीस वेळा. वर गोड आवाजात.

आमचं ब्रशी फोर्क म्हणजे उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराच्या कुशीतलं गाव. इथं पूर्वी कुणी कुणाला "कुठं कामाला आहेस?" असं विचारत नसे. "कुठल्या खोलीत आहेस?" असं विचारत. कारखाना एकच, स्टारनेसचा, फर्निचरचा. कुणी करवतीच्या खोलीत, कुणी घासायच्या खोलीत. गार्लंड पॉलिशच्या खोलीत होता, तिथला फवारा आयुष्यभर छातीत घेऊन घरी आला आणि आता जिना चढताना तीनदा थांबतो. वर्लीन एकोणिसाव्या वर्षी खणांच्या खोलीत लागली. तिचा नंबर एक्केचाळीस. खण बसवून झाला की उलटा करायचा आणि मागच्या कोपऱ्यात निळ्या खडूनं आपला नंबर टाकायचा. कौतुकासाठी नव्हे हो! खण परत आला तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून. सव्वीस वर्षांत एक्केचाळीस नंबरचे दोन खण परत आले, त्यातला एक पुरात सापडलेला होता.

पहिल्याच वर्षी तिच्या हातून एक चूक झाली. चेरीच्या लाकडाचं एक कपाट इतकं देखणं उतरलं की पोरीला राहवलं नाही. खणाच्या खाली तिनं नंबराऐवजी लिहिलं, 'वर्लीन'. मुकादम होइट टीगनं ते पाहिलं. त्यानं सगळी खोली थांबवली, तिला मधोमध उभं केलं आणि हातात रंधा दिला. "गिऱ्हाईक स्टारनेसचं नाव बघून घेतं. तुला कोण ओळखतो गं? काढ ते." चाळीस माणसांसमोर तिनं स्वतःचं नाव रंध्यानं छिलून काढलं. छिलके बुटांवर पडत होते, ते तिला अजून आठवतं. पुन्हा तिनं कधी नाव लिहिलं नाही.

पुढं मालकांच्या पोरांनी धंदा परदेशी नेला. मशीनं खोक्यांत भरायला कोण? तर आम्हीच! ज्या मशीनवर जन्म घातला ते स्वतःच्या हातानं बांधून द्यायचं, वर "नीट बांधा हं, मोडता कामा नये." शिव्या द्याव्यात तरी कुणाला? ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. वर्लीन मग म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं उभी राहिली आणि तिथं गुडघे गेले. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी बसून करायचं काम या डोंगरात मिळतं कुठं? बँकेत, नाहीतर चर्चच्या कचेरीत, आणि तिथल्या बायका नव्वदीपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. म्हणून ही फोनची नोकरी. इंटरनेटवर फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारी घरबसल्या ऐकायच्या. गार्लंडच्या छातीची औषधं याच नोकरीच्या विम्यावर चालत होती. नोकरी गेली की औषधं गेली, इतका सरळ हिशेब.

टेबल कंपनीनंच पाठवलेलं. ते पडल्याचं तिनं शार्लट शहरातल्या कचेरीत बसणाऱ्या तिच्या साहेबिणीला कळवलं. साहेबीण म्हणजे केन्डल, वय सव्वीस. पोरगी वाईट नव्हती, पण नियम पाठ करून आलेली.

"अरेरे, वर्लीनबाई! नवीन टेबल यायला सहा आठवडे लागतील. तोपर्यंत तुमचं तुम्ही बघा. चार फूट रुंद, कुलपाचा खण हवा, गिऱ्हाइकांचे कागद असतात ना. शुक्रवारी सकाळी मी व्हिडिओवर बघेन. नाही जमलं तर बारा वाजता तुमची लाइन बंद होते, म्हणजे कामही. आपोआप. माझ्या हातात काही नाही हो."

"टेबल तुमचं पडलं, गुडघा माझा फुटला, आणि लाइनही माझीच बंद?"

"मी समजू शकते तुमच्या भावना," केन्डल म्हणाली. हे वाक्य कागदावर तिसरं होतं. वर्लीन स्वतः दिवसभर तेच म्हणायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बुधवारी ती बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात गेली. लोकांनी टाकलेलं सामान तिथं ठेवलेलं असतं, हवं त्यानं न्यावं. कोपऱ्यात पलंगाशेजारी ठेवायची दोन बुटकी कपाटं होती, तीन-तीन खणांची, वरून खालपर्यंत पोपटी रंग फासलेली. एका कडेचा रंग उडाला होता आणि आतून तांबूस चेरी दिसत होती.

"चेरीला पोपटी रंग!" वर्लीन तिथंच कडाडली. "हात झडले नाहीत मेल्याचे?"

सवयीनं तिनं एक खण ओढला आणि उलटा केला. मागच्या कोपऱ्यात निळा एक्केचाळीस. दुसरा काढला, एक्केचाळीस. सहाही खण तिनं फरशीवर पालथे घातले आणि शेजारी बसली, गुडघ्यांची पर्वा न करता.

तळघर सांभाळणारी ट्रुडी धावत आली. "काय गं, बरं वाटत नाहीये का?"

"माझी आहेत ही."

"मग टाकलीस कशाला?"

"टाकली नव्हती गं बाई. बनवली होती."

कपाटं मिळाली, पण वरची फळी कुठून आणायची? तिनं घरात नजर फिरवली आणि ती जेवणाच्या टेबलावर थांबली. ओकचं टेबल होतं, नातवंडांनी चढून चढून पाय डगमगते करून ठेवलेलं.

गार्लंड आरामखुर्चीतून बघत होता. "ए, मग जेवायचं कुठं?"

"मांडीवर. तू कधी टेबलावर जेवलास? पिंटो बीन्सची वाटी तुझ्या त्या खुर्चीनंच जास्त खाल्लीये."

दोन दिवस घराचा कारखाना झाला. टेबलाची फळी सोडवली. कपाटं बसून काम करायला थोडी ठेंगणी पडत होती, म्हणून टेबलाच्या पायांचे आठ ठोकळे कापून त्यांच्याखाली लावले. पोपटी रंग पात्यानं खरवडताना तोंडाचा पट्टा चालूच होता. रंग फासणाऱ्याचा उद्धार झाला, स्टारनेसच्या पोरांचा झाला, शार्लटच्या कंपनीचा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा झाला. एक खण तळघराच्या ओलीनं फुगला होता. तो तिनं रंध्यानं केसभर केसभर उतरवला, मेण लावलं, पुन्हा बसवून पाहिला, पुन्हा उतरवला. गार्लंडनं मासे पकडायच्या गळांच्या पेटीचं कुलूप काढून वरच्या खणाला बसवलं आणि मग न सांगता फडकं घेऊन तेलाचा हात द्यायला बसला, पालथ्या बादलीवर, खोकत खोकत.

"राहू दे रे, छातीला त्रास होईल."

"गप. पॉलिशची खोली तुझी नाही, माझी आहे."

शुक्रवारी सकाळी केन्डल पडद्यावर आली. "वा! किती सुंदर टेबल! कुठल्या कंपनीचं?"

"घरचं आहे. कपाटं चर्चमधली, फळी आणि पाय आमच्या जेवणाच्या टेबलाचे, कुलूप माशांच्या गळांच्या पेटीचं."

केन्डलचा चेहरा पडला. "म्हणजे घरी जोडलेलं? ते नाही चालत हो. मान्यताप्राप्त निर्मात्याचंच लागतं. सुरक्षिततेचा प्रश्न असतो."

"सुरक्षितता!" वर्लीननं खुर्ची मागं ढकलली आणि पँट वर करून काळानिळा गुडघा कॅमेऱ्यासमोर धरला. "ही बघ तुझ्या मान्यताप्राप्त निर्मात्याची सही!"

आतून गार्लंडचा हसण्याचा आणि खोकण्याचा आवाज एकदमच आला.

"वर्लीनबाई, खरंच, मला नको आहे का तुमचं काम व्हायला? पण निर्मात्याची चौकट रिकामी ठेवली तर पानच पुढं सरकत नाही."

वर्लीननं खण काढला, उलटसुलट केला आणि आत डागलेला स्टारनेसचा शिक्का दाखवला. केन्डलनं टाइप केलं, थांबली आणि ओशाळली. "यादीत हे नाव बंद दाखवतंय. बंद कंपनी घेत नाही."

"कारखाना बंद झाला, पोरी. मी बंद झालेय का? तुझ्या यादीत जी कंपनी चालू आहे ना, तिचं टेबल पाच आठवडे टिकलं नाही. हे कपाट तुझ्या जन्माच्या आधीचं आहे. लोकांनी रंग फासला, तळघरात कुजवलं, फेकून दिलं. बघ."

तिनं खण परत बसवला. मग मधला खण बाहेर ओढला आणि एका बोटानं हळूच आत लोटला. तो आत जाताच आतल्या हवेच्या दाबानं खालचा खण आपोआप बोटभर बाहेर आला. तिनं तो लोटला, तर मधला बाहेर. चोख बसलेल्या खणाची हीच खूण. सुरी जाईल इतकीही फट असली तर असं होत नाही.

"हात न लावता?" केन्डल स्क्रीनच्या जवळ आली. "पुन्हा करा ना." वर्लीननं पुन्हा केलं. मग पलीकडून खडखड ऐकू आली. केन्डल स्वतःच्या टेबलाचा खण ओढून बघत होती. "माझा तर अर्ध्यातच अडकतो," ती पुटपुटली. "मघाशी खण उलटा केलात तेव्हा खाली निळं काहीतरी होतं. एक्केचाळीस. ते काय?"

"ती मी. स्टारनेसमध्ये खण बसवायची, तेव्हाचा नंबर."

केन्डलची नजर पुन्हा त्या रिकाम्या चौकटीवर गेली. वर्लीननं घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते, आणि आतल्या खोलीत गार्लंडचं खोकणं थांबलं होतं. तोही ऐकत होता.

"म्हणजे ही कपाटं तेव्हाही तुम्हीच केलीत, आणि टेबलही आता तुम्हीच केलंत," केन्डल म्हणाली. "मग निर्माता तुम्हीच की! लिहिते मी. चार आणि एक..." ती थांबली. "नाही, नंबर घेत नाही हे. अक्षरंच लागतात. पूर्ण नाव सांगा."

वर्लीनला ऐकू आलं, पण पटकन कळलं नाही. "काय लागतं?"

"नाव. बनवणाऱ्याचं नाव. त्याशिवाय पुढं जातच नाही."

तिनं सांगितलं. वर्लीन मे बोलिक. एकेक अक्षर सुटं सुटं. केन्डलनं पत्ता विचारला, तो घराचा दिला. अनुभव विचारला, सव्वीस वर्षं. पान पुढं सरकलं, मंजूर झालं, आणि केन्डल हसून म्हणाली, "अभिनंदन! लाइन चालूच राहील."

वर्लीननं आभार मानले नाहीत. स्क्रीन बंद केली आणि ती बसून राहिली, लालबुंद होऊन. एकोणचाळीस वर्षं! नाव लिहिलं म्हणून चाळीस माणसांत नाक घासायला लावलं, आणि आज शार्लटच्या एका मशीनचं नावावाचून अडलं तर कसं गोड बोलून मागितलं! हात तेच, काम तेच. इतकी वर्षं कुणाचं काय बिघडत होतं?

ती उठली, शिवणाच्या डब्यातून निळ्या खडूचा उरलेला तुकडा शोधून काढला आणि वरचा खण गालिच्यावर पालथा घातला. एक्केचाळीसच्या शेजारी, या काठापासून त्या काठापर्यंत, तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. खडू दाबून, दोनदा गिरवून.

गार्लंड दाराशी येऊन उभा होता. "होइट टीगनं बघितलं तर गं?"

"येऊ दे त्याला थडग्यातून उठून," वर्लीन म्हणाली आणि हेडफोन डोक्यावर चढवला, कारण फोन वाजत होता. "रंधा मात्र या वेळी त्याचा त्यानं आणावा."