साळवेबाईंच्या खिळ्यावरची पिशवी

आयुष्यात मी एकच निनावी अर्ज लिहिला, आणि पुरावा म्हणून त्याला माझ्याच विरुद्धचे कागद जोडले. चांगले निवडून, टाचणी लावून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून अर्ज डाव्या हाताने लिहिला होता. डाव्या हाताला एवढी अक्कल वापरली की डोक्यासाठी काही उरलीच नाही. आज नातवंडांना हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. हसू देत. चोवीस वर्षांची ती बया मलाही कुठे भेटली, तर मी तिचा कान धरीन.

अर्ज होता साळवेबाईंविरुद्ध. जालना जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. टेंभुर्णीतल्या आमच्या संस्थेच्या शाळेत विज्ञानाला आम्ही दोघी. त्या पंचेचाळिशीच्या, सुती पातळ गुडघ्यापर्यंत खोचून बाकावर चढणाऱ्या. मी नवी, बी.एड. झालेली, गावातल्या पाटलांची सून. आमचे हे तिथल्याच दवाखान्यात कंपाउंडर, मुलगा दोन वर्षांचा, त्याला सांभाळायला सासूबाई. सगळं कसं हाताशी.

साळवेबाईंच्या प्रयोगशाळेत सामान फार नव्हतं. एक कपाट, दोन स्पिरिटचे दिवे, आणि भिंतीभर खिळे. प्रत्येक खिळ्याला एकेक पिशवी. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन बाईंनी स्वतः शिवलेल्या. दर पोराची एक. वर्षभरात त्याने काढलेली आकृती, फसलेला प्रयोग, वाळलेलं पान, उगवलंच नाही ते बी, सगळं तिच्यात जायचं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची: कोणता वार, कितवा तास, मला काय वाटलं होतं, काय झालं, आणि काय समजलं नाही. खोडरबर वापरायला बंदी. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कुणाच्या दप्तरात रबर सापडलं की ते बाईंच्या पत्र्याच्या डब्यात जमा.

"बराबर उत्तर पुस्तकात हाय," त्या पोरांना सांगायच्या, "ते कुठं जात न्हाई. चुकलेलं मात्र तुहं सोताचं हाय. सोताची वस्तू कोणी फेकतं का रे?"

मला हे सगळं गबाळं वाटायचं. माझ्या वह्यांना कसं, लाल समास, निळं शीर्षक, एकही खाडाखोड नाही. मनात आणखीही एक होतं, ते सांगितल्याशिवाय हे पुढे सरकायचं नाही. मधल्या सुट्टीत साळवेबाई आपला डबा माझ्यापुढे करायच्या आणि मी म्हणायची, "आज उपास आहे हो बाई." सोमवार, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. माझ्या घरात त्यांच्या वस्तीतलं खात नसत, आणि ते तोंडावर म्हणायची मला हिंमतही नव्हती. इतके उपास पंचांगात नसतात, हे त्यांना कळत होतं.

"आज कोनता उपास, पाटलीणबाई?" त्या विचारायच्या. "बुधवार? बरं झालं. त्येच्या नावानं कोनी उपाशी ऱ्हात न्हाई म्हून बिचारा रुसला व्हता."

आठवीचा वर्ग आम्ही वाटून घेतला होता. तीन दिवस त्यांचे, तीन माझे. पिशव्या मात्र त्याच. एका मंगळवारी मी मेणबत्तीचा प्रयोग केला. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. मी फळ्यावर लिहिलं: ज्वलनाने ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. तर कुशावर्ता नावाची एक काटकुळी पोर उभी राहिली.

"बाई, ऑक्सिजन जळताना संपतो ना? मंग पाणी जळतानीच चढाया पाह्यजे. हे तं मेणबत्ती विझल्यावर चढलं. एकदम."

"पुस्तकापेक्षा शहाणी झालीस का? बस खाली."

ती बसली. शनिवारी तिने चिठ्ठीत तेच लिहिलं आणि खाली जोडलं, "विचारले तर बस म्हणाल्या, म्हणून समजले नाही." साळवेबाईंनी शिक्षकांच्या खोलीत ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "पोरगी बराबर बघून राह्यली," एवढंच म्हणाल्या. हेडमास्तर समोर बसलेले, शिपाई चहा ओतत असलेला. माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. ती चिठ्ठी मी घरी नेऊन चुलीत घातली आणि ठरवलं, हिला दाखवते.

संधी चालत आली. संस्था पुढच्या जूनमध्ये आष्टीला नवी शाखा काढणार होती आणि विज्ञानासाठी आमच्यापैकी एकीला तिकडे जावं लागणार होतं. आष्टी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. जालन्यात उतरून दुसरी गाडी, सकाळी निघालं तर दुपार. मला दोन वर्षांचं लेकरू. साळवेबाईंची आई अंथरुणावर, तिला कूस बदलून द्यायलाही त्याच. जी जाईल तिचं घर मोडणार होतं, हे दोघींनाही माहीत होतं. म्हणून मी डावा हात उचलला.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि पिशव्यांत हात घातला. सगळ्यांत जहाल चिठ्ठ्या वेचल्या. "बाई फार जल्दी बोलतात." "शंका विचारली की बाई रागावतात." "फळ्यावरचे उतरून घेतले, समजले काहीच नाही." वाचताना मला कोण आनंद झाला! एवढं वाईट शिकवणारी बाई म्हणजे साळवेबाईच असणार, यात शंका घ्यायला माझ्या डोक्यात जागाच नव्हती. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यातले वार आणि तास मी पाहिलेसुद्धा नाहीत. अर्जात लिहिलं: "सदर शिक्षिकेच्या अध्यापन पद्धतीतील त्रुटी विद्यार्थ्यांनीच नोंदविल्या आहेत." आणि दिला धाडून.

पंधरा दिवसांनी संस्थेचे सचिव आले. त्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत होती, कागद वाचण्यात ते तरबेज. हेडमास्तरांच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावून अर्ज वाचून दाखवला. त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या.

"मंगळवार, तिसरा तास. गुरुवार, तिसरा तास. शनिवार, पहिला. मंगळवार. पुन्हा गुरुवार." चष्म्यावरून हेडमास्तरांकडे पाहत म्हणाले, "आठवीला हे तास कोणाचे?"

हेडमास्तरांनी मागच्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे मान वळवली. ती वळवायची गरज नव्हती.

"अर्ज कोणाचा, ते काही लिहिलेलं नाही," सचिव म्हणाले.

"न्हाई ना," साळवेबाई म्हणाल्या. "पर टेंभुर्णीत 'अध्यापन पद्धती' म्हननारं एकच मानूस हाय."

सचिव मोठ्याने हसले. मग म्हणाले, "सोपं झालं. आष्टीला कोण जाणार ते ठरलंच की."

"न्हाई साहेब," बाई म्हणाल्या. "आत्ताच ठरवू नका. जूनला येळ हाय. तवर हिला माह्या हवाली करा."

"बरं. मग उन्हाळ्यात तुम्हीच नाव सांगा. जे सांगाल ते."

म्हणजे माझा संसार आता त्यांच्या पदराला बांधला गेला. बाहेर आल्यावर मी रडवेल्या तोंडाने माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "माफी काय करायची? ती काय पिशवीत घालता येती?" दुसऱ्या दिवशी कुशावर्ताच्या शेजारी नवा खिळा ठोकलेला होता. त्यावर नवी पिशवी, आणि पिशवीवर काळ्या दोऱ्याने टाचलेलं माझं नाव.

साळवेबाई क्षमा करणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे लोक त्यांच्या मागे बोलताना विसरतात. गेल्यावर माणसाला देव करायची आपल्याकडे रीतच आहे. मी सांगते, त्या डूख धरायच्या, आणि सवडीने, निगुतीने सूड उगवायच्या. दर शनिवारी मी पोरांसारखी चिठ्ठी लिहायची आणि ती वर्गात मोठ्याने वाचायची कुशावर्ताने. माझी पहिली चिठ्ठी होती: "या आठवड्यात सर्व घटक समाधानकारकरीत्या शिकविले." कुशावर्ताने वाचली. बाईंनी ती तळहातावर ठेवून तोलली.

"लईच हलकी हाय. परत लिवा."

पोरं खुदुखुदु हसली. असे चार शनिवार गेले. मी आतून धुमसत होते. सूड काय त्यांनाच घेता येतो? पुढच्या खेपेला जालन्याला गेले तेव्हा मी वासाचे गुलाबी खोडरबर घेऊन आले आणि झेंडावंदनाच्या दिवशी आठवीला खाऊबरोबर वाटले. आठवडाभर वर्गात खोडण्याचा नुसता उत्सव! शनिवारी पाहते तर माझी पिशवी खाली लोंबत होती. सगळे रबर तिच्यात. वर त्यांच्या हातची चिठ्ठी: "हे वजन खरं हाय."

मग मी मोठा बाण काढला. एका मासिकात वाचलं होतं, ते भर वर्गात विचारलं. "बाई, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, तर वर-खाली का नाही उलटं दिसत?" बाई थांबल्या. मला वाटलं, पडली एकदाची. त्या टेबलाशी बसल्या, कागद घेतला, वार लिहिला, तास लिहिला आणि म्हणाल्या, "मला ठावं न्हाई." आणि ती चिठ्ठी दाराजवळच्या एका जुनाट, विटलेल्या पिशवीत टाकली. ती पिशवी त्यांची स्वतःची आहे हे मला त्या दिवशी कळलं. चांगली फुगलेली होती. मी जिंकले खरी, पण दुसऱ्या दिवशी अर्धी आठवी न्हाव्याच्या दुकानात आरशापुढे उलटीसुलटी वाकून उभी होती, आणि न्हावी मला शिव्या देत होता.

फेब्रुवारीत एकदा शाळा सुटल्यावर मी एकटीच प्रयोगशाळेत थांबले. ताटलीत पाणी घेतलं. आधी एक मेणबत्ती, मग त्याच ग्लासाखाली तीन. ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. पण तीन मेणबत्त्यांना पाणी कितीतरी वर चढलं. आणि विझल्यावरच चढलं. मी ते पुन्हा केलं, पुन्हा केलं, मेण संपेपर्यंत केलं. त्या शनिवारी लिहिलं: "मंगळवार, तिसरा तास. मेणबत्तीबद्दल मी वर्गाला चुकीचे सांगितले. कुशावर्ताने बरोबर पाहिले होते, मी तिला बस म्हणाले. तापलेली हवा गार होताना आकसत असावी. मला अजून पूर्ण समजले नाही." कुशावर्ता वाचता वाचता थांबली आणि बाईंकडे बघायला लागली.

"पुढं वाच," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. बाईंनी ती चिठ्ठी तोललीही नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी विज्ञानाचं काही लिहिलंच नाही. एकच ओळ लिहिली, की मी दोन वर्षं खोटे उपास केले, आणि का केले. ती कुशावर्ताच्या हाती गेली नाही. बाईंनी आधीच काढून वाचली, घडी घातली आणि कमरेला खोचली. मला वाटलं, सोमवारी डबा पुढे येईल. आला नाही. मंगळवारीही नाही. त्या माझ्यासमोर शांतपणे भाकरी मोडून खायच्या, ठेच्याचा वास नाकात जायचा. त्यांनी डबा पुन्हा कधीच पुढे केला नाही. शेवटी मीच हात पुढे करून मागितला. "घ्या की," म्हणाल्या, "आज काय वार बिर न्हाई वाटतं?" ठेचा असा जहाल होता की डोळ्यांतून पाणी आलं. त्याचा दोष मी ठेच्यावर ढकलला.

मार्च-एप्रिलमध्ये आम्ही दोघी मिळून शिकवायला लागलो. मी फसायची, त्या फसायच्या, पोरं लिहायची. उन्हाळ्यात कोणाचं नाव जाईल याची मला आता चिंता उरली नव्हती. मनात म्हणत होते, एवढं सगळं झाल्यावर बाई मला थोड्याच पाठवतील? सासूबाईंनाही सांगून टाकलं, आपण इथंच. संस्था दुसरं कुणी बघेल.

निकालाच्या दिवशी सचिवांचं पत्र आलं. आष्टीला माझं नाव होतं. हेडमास्तर म्हणाले, "साळवेबाईंनीच दिलंय. एका दमात दिलं."

मी तशीच प्रयोगशाळेत गेले. बाई भिंतीवरून पिशव्या उतरवून ज्याच्या त्याच्या हाती द्यायला रचत होत्या. मी दारातच भांडायला लागले. "बाई, वर्षभर तुम्ही म्हणाल ते केलं. पोरांपुढे नाक घासलं. पाठवायचंच होतं तर तेव्हाच नाव द्यायचं होतं ना! सचिव तर त्याच दिवशी तयार होते. वर्षभर आशेला का लावलंत?"

त्यांनी माझी पिशवी खिळ्यावरून काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली. पुढे मी आष्टीत चौतीस वर्षं काढली, तिथेच निवृत्त झाले. पण त्या दुपारी साळवेबाई जे बोलल्या ते मला आजही शब्दाशब्दाने पाठ आहे:

"सूड मला तुह्यावर घ्यायचा व्हता बाई, आष्टीच्या लेकरायवर न्हाई. तवा व्हतीस तशीच धाडली असती, तं त्यायनी काय पाप केल्तं?"