फिरत्या कपाचं गाऱ्हाणं

मार्च उजाडला होता, तरी लालबागेत सकाळी गार झुळूक यायची. वारा बंदराच्या बाजूने होता, म्हणून गिरणीच्या चिमणीची काजळी आज दुसरीकडे चालली होती. असा वारा बघूनच कुशाबा परब क्लबच्या जर्सी धुवायला काढायचा. पिवळ्या रंगावर काजळीचे ठिपके पडले की सोड्यानेही जात नसत.

चाळीमागच्या मोरीत तो उकिडवा बसला होता. उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय लांब सोडलेला. जर्सीच्या पाठीवरचं ‘रवळनाथ’ तो हातानेच चोळायचा. धोपटलं तर अक्षरं उसवतात.

"अवो, आज कित्याक धुतात?" खानावळीच्या चुलीकडून जाईबाईचा आवाज आला. "घालतलो कोण तेंका?"

कुशाबाने जर्सी पिळली आणि दोरीवर टाकली. बायकोचं म्हणणं खरं होतं. संध्याकाळी स्पर्धेवाले हेरंब मास्तर दादरहून कप परत न्यायला येणार होते, आणि कप खोलीत नव्हता. तो नाक्यावरच्या सावकार शेठच्या तिजोरीत होता.

कुशाबा कुडाळकडचा. कोवळ्या वयात मुंबईला आला आणि गिरणीत साच्यावर कापड विणायला लागला. तळमजल्यावर गाववाल्यांची खोली होती. भिंतीला ट्रंका लावलेल्या, आणि एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची चटई मोकळी व्हायची. त्याच खोलीत रवळनाथ फुटबॉल क्लब जन्माला आला. पोरं अनवाणी खेळायची, घोट्याला चिंध्या बांधून. कुशाबा बॅक होता. एकदा गुडघ्यावर लाथ बसली ती बसलीच. तेव्हापासून चेंडूची वादी ओढणं, जर्सी धुणं आणि सामन्याआधी नारळ ठेवून ग्रामदेव रवळनाथाला गाऱ्हाणं घालणं, हे त्याचं काम. तो मागणं मागायचा, पोरं एका दमात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायची. समोरचा संघ भले बूट घालून खेळणारा असो, त्या आवाजाने थोडा दचकायचाच.

कप आला आणि दिवस फिरले. कप फिरता होता. वर्षभर ठेवायचा आणि परत द्यायचा. पण लागोपाठ तीनदा जिंकला तर कायमचा. रवळनाथने तो दोनदा आणला. कप मिळाल्याच्या पावतीवर सही कुशाबाची. श्रावणात सत्यनारायणाला शिऱ्याचा प्रसाद त्याच कपातून वाटला गेला. वरळीच्या कोळीवाड्यातून लोक कप बघायला यायचे, तेव्हा कुशाबा त्यांना आधी हात धुवायला लावायचा.

क्लबचा सेक्रेटरी दौलत सावंत गिरणीच्या ऑफिसात कारकून. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा हात सैल. "तिसऱ्या वर्षी कमी पडायचं नाय, कुशादा," तो म्हणाला. त्याने उधारीवर बूट आणले, विजयाच्या मिरवणुकीसाठी बँडला बयाणा दिला, आणि हैदराबादेहून मुनीर नावाचा हाफबॅक आणला. मुनीरला रोजचा खुराक, वर हातखर्च. बूटवाला दारात बसायला लागला तेव्हा दौलतच बोलला, "कप चांदीचा आहे. महिन्याभराचा प्रश्न."

कुशाबा एकदम हो म्हणाला नाही. त्याने गावी पत्र टाकलं: देवाला कौल लावा, कप आमच्याकडे राहील काय? गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलांचे कळे चिकटवले, उजवा कळा पडला, आणि तसं उत्तर आलं. उजवा म्हणजे देवाचा होकार. त्याच संध्याकाळी कुशाबाने कप धोतरात गुंडाळून शेठकडे नेला.

"दुसऱ्याचा भांडा गहाण ठेवलात!" जाईबाई म्हणाली होती.

"दुसऱ्याचा खंयचा? देवान दिलो आमका."

मग जानेवारी आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. हरताळ, लाठ्या, गोळ्या. पोरं मोर्च्याला पळाली, गिरण्या बंद, पगार बुडाला. अंतिम सामना पुढे गेला, पुन्हा पुढे गेला. मुनीर जाईबाईच्या खानावळीत भाकऱ्या मोडत बसला आणि एक दिवस पेटी उचलून गावाला निघून गेला. सामना झाला तेव्हा निम्म्या पोरांचे पाय नव्या बुटांनी सोललेले. एकच गोल झाला, तोही शेवटाला, रवळनाथवर. मैदानाबाहेर बँडवाले वाजवू की नको, विचारत उभे होते.

मोरीत कुशाबा शेवटची जर्सी पिळत असताना दौलत आला. त्याच्यामागे इस्त्रीचा कोट घातलेले शरदचंद्रराव. गिरगावचे, गिरणीच्या खेळ विभागाचे साहेब.

"परब, स्पष्टच बोलतो," ते म्हणाले. "आम्हाला तुमची पाच मुलं हवीत. शिवा त्यात आलाच. पाचांनाही कायमची नोकरी. कप मी आत्ताच्या आत्ता सोडवून देतो."

शिवा कुशाबाचा पुतण्या. दोन वर्षं बदलीवर होता. रोज पहाटे गेटावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी.

"आनि रवळनाथ?" कुशाबाने विचारलं.

"देव कुठे जातोय, परब?" साहेब हसले.

"देव नाय. क्लब."

साहेबांनी दोरीवरच्या जर्सींकडे पाहिलं आणि रुमालाने मान पुसली.

"कुशादा," दौलत मध्ये पडला, "मास्तरांकडे मुदत मागूया. अर्ज मी लिहितो."

"मुदत घेवन काय करतलंस? त्यो गोल मागे फिरवतलंस?"

कुशाबा भिंतीला धरून उठला. "शिवाक इचारलात?"

"विचारलं. तो म्हणतो, काका सांगतील तसं."

कुशाबाला रागच आला. पोराने निदान भांडायला हवं होतं. पण गेटावरून रिकाम्या डब्यानिशी परतणारा शिवा त्याने रोज पाहिला होता. "न्या," तो म्हणाला. "बूट पण न्या तेंचे. उधारीसकट."

दुपारी शेठने कप काढून दिला. "संभाळून ठेवला हां. पोरगा रोज पुसायचा." कुशाबाने तो धोतरात गुंडाळला नाही. छातीशी धरून भर रस्त्याने आणला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, क्लब जिंकला.

संध्याकाळी हेरंब मास्तर आले. त्यांनी कप उजेडात फिरवून पाहिला. "वा परब! गेल्या वर्षी तपासायला आलो तर आत शिऱ्याचं तूप होतं. यंदा अगदी आरसा! मेहनत दिसते." दौलत चपलेचा अंगठा बघत राहिला. मास्तरांनी कुशाबाची जुनी सही खोडली, चहा घेतला आणि कप छत्रीसारखा काखेत मारून निघून गेले.

दारात शिवा उभा होता. कधीचा, कोण जाणे.

"काका, येत्या आयतवारी गिरणीची म्याच आसा. गाऱ्हाणा घालशात मा?"

"गिरणीचो देव कोण?"

शिवाने डोकं खाजवलं. "ठावक नाय."

"मगे तेका आधी इचार जा." शिवा वळला तसा तो म्हणाला, "गुडघो सांभाळ. बॅकवाल्याच्या आंगार थेट जाव नको."

शिवा गेला. फळीवर कपाच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिला होता. कुशाबाने त्या डागावर नारळ ठेवला. खोलीत कोणी नव्हतं. दुसऱ्या पाळीचे कामावर, बाकीचे नाक्यावर. त्याने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, तुजो कौल खोटो नाय. मीच दुसऱ्याच्या वस्तूर कौल मागलंय. कप जेचो तेका गेलो. पोरां गिरणीक गेली. तेंचे पाय शाबूत ठेव. काय वायट-वाकडा आसात, ता माझ्या वाटणीक घाल, रे म्हाराजा!"

तो थांबला. इथे पोरांचा आवाज यायचा. मागून स्टोव्हची भरभर तेवढी ऐकू येत होती. मग तीही बंद झाली.

"व्हय म्हाराजा," आतून जाईबाई म्हणाली. कधी नव्हे ती. आवाजात भक्ती कमी, वैताग जास्त. "झाला? आता बाहेर बघा. वारो फिरलो."

कुशाबा मागे गेला. वारा खरंच उलटला होता. दोरीवरच्या सगळ्या जर्सींवर बारीक काळे ठिपके बसले होते. त्याने एकेक खाली काढली, बादलीत टाकली, पाय लांब सोडून मोरीत बसला आणि जाईबाईला सोडा मागितला.