पोवाड्यातला घोडा

माझे वडील शाहीर. फलटणकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे त्यांचा डफ खुंटीला फारसा राहिलाच नाही. पोरगं भरती झालं की पोवाडा, निवृत्त होऊन आलं की पोवाडा.

आमच्या गल्लीतल्या एका काकींचा मुलगा फौजेत ड्रायव्हर होता. सीमेवर रसद नेताना त्याच्या ट्रकवर तोफेचा गोळा पडला आणि तो गेला. वडिलांनी पोवाडा रचला. पोराला घोडा दिला, हातात तलवार दिली, वर शत्रूची मुंडकीही उडवली. आमच्याकडे रीतच ती, लढाईत गेलेला प्रत्येक जण घोड्यावर बसूनच जातो. पहिल्या स्मृतिदिनाला पोवाडा ऐकून गाव शहारलं. काकी मात्र मांडव रिकामा झाल्यावर वडिलांपाशी आल्या.

"आवं शाहीर, झ्याक झालं. पर त्यो टरक चालवायचा की. लय भारी चालवायचा. तेवढं घाला."

"वैनी, पोवाड्याला घोडाच लागतुया. टरक कसा बसंल त्यात?"

काकी पदर सावरून घरी गेल्या.

मी तेव्हा सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवत होते आणि कविता करत होते. लढाईचे गोडवे गाणारे बघितले की माझं डोकंच फिरायचं. वडिलांशी यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. पुढच्या स्मृतिदिनाला मी त्याच मांडवात माझी कविता वाचली. तलवारबिलवार काही नाही, फक्त एक आई, रडणारी, युद्धाला शाप देणारी. वडील तोंड फिरवून बसले. म्हटलं, बसू देत, काकींना तरी पटेल.

"चांगलं लिवलंयस बाय," काकी म्हणाल्या. "पर ह्यात नुस्ती मीच हाय. त्यो कुटं हाय?"

कवितेतली आई म्हणजे साऱ्या जगाची आई असते, असलं काहीतरी मी त्यांना समजावलं. कप्पाळ माझं. त्या माउलीला जग नको होतं, पोरगं हवं होतं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा पोवाडा अजून दर स्मृतिदिनाला लाउडस्पीकरवर वाजतो, आणि माझी कविता शाळेतल्या मुली पाठ म्हणतात. यंदा माझ्याबरोबर माझी भाचीही आली होती. तीही कविता करते, मोबाइलवरच. तिच्या कवितेत जयजयकार नाही आणि शापही नाही. परमुलखातल्या लढाईत पडलेली घरं ती जेवता जेवता मोबाइलवर बोटाने वर सरकवते आणि आपला घास अडत कसा नाही, याचीच तिला लाज वाटते. कविता खरी होती, मला आवडली. पण ट्रक तिच्यातही नव्हता. असणार कुठून? तिला तो कुणी सांगितलाच नव्हता.

कार्यक्रमानंतर मी सांगितला. पोरगी माझ्यासारखी वाद घालत बसली नाही, तडक काकींच्या ओट्यावर जाऊन बसली. काकी आता फार थकल्यात, पण कान शाबूत आहेत.

"आजी, तुमचा मुलगा ट्रक कसा चालवायचा, सांगा ना. मी लिहिते."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. एवढ्या वर्षांत कुणीतरी विचारलं.

काकी बराच वेळ आठवत राहिल्या. मग त्यांनी भाचीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चालवायचा गं, लय भारी चालवायचा. पर आता डोळं मिटलं की मला त्यो घोड्यावरच दिसतुया."