तांड्यावर मांडलेलं परराष्ट्र धोरण

चीनची लढाई व्हायच्या आधीच्या निवडणुकीत मी आमच्या विरोधी पक्षाचा परराष्ट्र धोरणाचा जाणकार होतो. जाणकार अशासाठी, की यवतमाळच्या कचेरीत इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा मी एकटाच. वकिली चालत नव्हती, त्यामुळे तिबेटची काळजी करायला वेळ भरपूर होता.

मला विधानसभेचं तिकीट हवं होतं. इतकं, की मी झोपेतही 'अध्यक्ष महोदय' म्हणतो, असं बायको सांगायची. आमच्या जिल्हा चिटणीसांना मात्र माझा भरवसा वाटेना. "तुमचं बोलणं लोकांना पटतं का ते आधी पाहू," म्हणाले, आणि बाभुळगावजवळच्या एका बंजारा तांड्यावर माझ्यासोबत आले.

कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी मंडळी शेतातून परतली आणि तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या अंगणात बसली. मी सुरू झालो. तिबेट गेलं, आपण गप्प बसलो. चीन आपल्या हद्दीत शिरलाय आणि दिल्लीचं सरकार नुसती पत्रं लिहितंय. कुणाच्याच गटात जायचं नाही म्हणता म्हणता वेळेला धावून येणारा मित्र उरला नाही. मी आवाज चढवला, मूठ आपटली. एक म्हातारी दचकून जागी झाली. मी तर मनानं विधानसभेत जाऊन बसलोसुद्धा.

टाळ्या मात्र पडेनात. नायक म्हणाला, "झालं तुमचं? आता दुसरी बाजू सांगा."

"दुसरी कुणाची?"

"सरकारची. आमच्या नसाबात एकाचंच आयकून फैसला होत नाही. जो येत नाही, त्याच्याकडून कोनीतरी उभं राह्यतेच."

नसाब म्हणजे त्यांची पंचायत. मी सभा घ्यायला गेलो होतो, आणि त्यांनी तिचा खटला करून टाकला होता.

"पण सरकारकडून उभं कोण राहणार?" मी विचारलं.

"तुमीच. वकील हाये ना तुमी?"

चिटणीस कानात म्हणाले, "दोन वाक्यं बोला आणि आटपा." दोन वाक्यं! कित्येक महिन्यांनी मला कुणीतरी खटला दिला होता. मी उभा राहिलो. म्हणालो, देश आत्ता कुठे उभा राहतोय, पोटाला धान्य बाहेरून आणतो. दोन पैलवानांच्या भांडणात एकाचा हात धरला, की दुसऱ्याचा मार आपल्याला. आणि पत्रं चालू आहेत तोवर आपली पोरं घरी आहेत. यावर बायका माना हलवू लागल्या. म्हातारी आता टक्क जागी होती. मी थांबेचना. मागून कुणी सदरा ओढत होतं, हे घरी उसवलेली शिवण पाहून कळलं.

नायकानं फैसला दिला, "पयल्यापेक्षा दुसरा चांगला बोलला." सगळ्यांनी होकार भरला. मला गुदगुल्या झाल्या. भाषण शेवटी माझंच होतं.

परतीच्या वाटेवर चिटणीस म्हणाले, "तिकीट दिलं असतं हो तुम्हाला. पण कोणत्या पक्षाचं?"

तिकीट दुसऱ्याला मिळालं. तो पडला. तांड्यानं फैसल्याप्रमाणे सरकारला मतं दिली.

मग लढाई झाली आणि आपण हरलो. पक्षातले सगळे 'आम्ही म्हणत होतोच' म्हणत फिरू लागले, मीही फिरलो. पुढे एकदा यवतमाळच्या कापूस बाजारात नायक भेटला. तांड्यातला एक पोरगा फौजेत गेला होता, त्याचा अजून पत्ता नव्हता.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "तुमचा पयलाच खरं बोलून राह्यलता."

"हो."

"मंग त्याले दुसऱ्यासारखं बोलता काहून आलं नाही?"

तिकीट गेलं तेव्हा मी चिटणीसांवर महिनाभर चिडलो होतो. त्या दिवशी चिडायला कुणीच सापडलं नाही.