काय शिजून राह्यलं?

आमच्याकडे शिजणं हे फक्त चुलीवर होत नसे. घरातल्या सुनेचं कुणी ऐकलं नाही की ती म्हणायची, "माही दाळ काही शिजली नाही." दोन बाया कोपऱ्यात हळू बोलू लागल्या की तिसरी हमखास विचारायची, "काय शिजून राह्यलं व?" माझं नशीब मात्र खरोखरच्या शिजत्या पातेल्याशेजारी ठरलं.

देऊळघाटाजवळच्या आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती. मी सातवी पास झाले आणि बाबा म्हणाले, "लय झालं शिकणं. पोरगी एकटी बुलढाण्याले कशी जाईन?" मी मागच्या अंगणात जाऊन रडले.

त्या उन्हाळ्यात कुरडया करायला आळीतल्या बाया आमच्याकडे जमल्या. भिजवलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात रटरटत होता आणि आत्या तो घोटत होती. आत्या विधवा होती, आमच्याच घरी राहायची. शेतातली भाजी गाडीत भरून रोज सकाळी बुलढाण्याच्या बाजारात तीच न्यायची. बैलही स्वतःच हाकायची.

मायनं हळूच आत्याला विचारलं, "आजच बोलू का त्याहीले, पोरीच्या शाळेचं?"

"थांब व. कच्चा चीक सोऱ्यात घातला तं कुरडई तुटते. अजून शिजू दे," आत्या म्हणाली आणि तिनं समोरच्या बायांकडे पाहिलं. "तुमच्या पोरीही सातवी झाल्या ना? मी रोज जातोच. बसवा माह्या गाडीवर."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक म्हणाली, "माह्या घरचं मी पाहतो." तिच्यामागे दुसरी, तिसरी.

तेवढ्यात बाबा आले. "एवढ्या जणी काय शिजवून राह्यल्या व?"

"चीक. खातं का?" आत्यानं वाटीत गरम चीक वाढला, वर साखर आणि तूप घातलं. बाबा तिथंच बसून खाऊ लागले. अर्धी वाटी संपल्यावर ती म्हणाली, "शाळा उघडली की तुही पोरगी माह्यासंगं येईन."

"एकटी?"

"चौघी हायेत."

"अन् लोक काय म्हणतीन?"

"कोणते लोक? सारे तं इथंच बसले हायेत!"

बाबांनी एकेका बाईकडे पाहिलं. कुणीच नजर खाली केली नाही. ते मोठ्यानं हसले. "म्हणजे हे केव्हाचं शिजून राह्यलं होतं!"

"आता शिजलं," आत्या म्हणाली आणि पातेलं खाली उतरवलं.

शाळा उघडली त्या दिवशी आम्ही चौघी वांग्यांच्या टोपल्यांमध्ये पाय दुमडून बसलो. बुलढाण्याच्या रस्त्यावर लोक थांबून पाहू लागले. आत्यानं बैलांना मुद्दाम जोरात हाक दिली आणि बाजाराआधी गाडी थेट शाळेच्या फाटकाशी नेली. मी उतरले तेव्हा परकराला माती लागली होती. ती झटकायचंही मला सुचलं नाही, मान इतकी ताठ होती.

पुढे आम्ही चौघीही मॅट्रिक झालो. पण मला जास्त आठवते ती त्याच्या आधीची, दुसऱ्या वर्षातली पहिली सकाळ. गावातल्या आणखी पोरी दप्तरं घेऊन आत्याच्या दारात उभ्या होत्या. एका गाडीत मावणं शक्यच नव्हतं. आत्या काही बोलायच्या आत बाबांनी आमची दुसरी गाडी जुंपली, कासरा हातात घेतला आणि ओरडले, "चला व पोरींनो, बसा लवकर! शाळेले उशीर होते!"